चिरुटाचा शौक आणि विडी वळणारे हात

आपल्या नागपुरातील काही सुखवस्तू मंडळींत अलीकडे एका नव्या शौकाचा शिरकाव झाला आहे. परदेशी चिरूट, ज्यांस हल्ली सर्वत्र सिगार म्हणतात, ते पारखून विकत घ्यावेत, खास लाकडी पेटीत वर्षानुवर्षे राखावेत, आणि चांगला मुरलेला चिरूट चार मित्रांच्या संगतीत सावकाश ओढावा, असा हा शौक आहे. श्रीमंतांच्या हौशीमौजी आम्ही सहसा संपादकीय स्तंभांत आणीत नाही. परंतु जी हौस स्वतःस रसिकता म्हणविते, आणि जिच्याकडे पाहून तरुण पिढी प्रतिष्ठा कशात आहे हे शिकते, तिची तपासणी करणे हे वर्तमानपत्राचे कर्तव्यच होय. त्यातही ज्या मुलखात हजारो कुटुंबांची चूल तंबाखूच्या एका निराळ्या धंद्यावर पेटते, त्या मुलखाच्या राजधानीसारख्या ह्या शहरात तर हा विषय टाळणे बरे नव्हे.

प्रथम ह्या शौकाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. न समजता टीका करणे ही सुधारकांची जुनी खोड आहे आणि तिचा लाभ आजवर कोणास झालेला नाही.

चिरुटाचे तीन भाग असतात. आत भरलेली पाने, त्यांस आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि वरून गुंडाळलेले नितळ वेष्टनाचे पान. हलक्या प्रतीच्या चिरुटात तंबाखूचा चुरा भरलेला असतो. उत्तम चिरुटात पाने लांबच्या लांब घडी घालून बसविलेली असतात व सर्व काम हाताने होते. क्यूबा बेटाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातील तांबड्या मातीची तंबाखू ह्या मंडळींत पहिल्या मानाची समजली जाते. १९५९ च्या क्रांतीनंतर तेथील सरकारने कारखाने आपल्या ताब्यात घेतले, अनेक जुने कारखानदार देशोधडीस लागले, आणि १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालास आपली बाजारपेठ बंद केली. तेव्हापासून डोमिनिकन प्रजासत्ताक, निकाराग्वा व होंडुरास ह्या देशांतही हे कसब वाढीस लागले. चिरुटाची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. पन्नास मापाचा म्हणजे सुमारे २० मिलिमीटर जाडीचा. जाणता गिऱ्हाईक चिरूट बोटांत हलकेच दाबून कोठे पोकळ अथवा कठीण लागतो काय हे पाहतो, वेष्टनाच्या पानाच्या शिरा व रंग न्याहाळतो, आणि पेटी घ्यावयाची असल्यास तिच्या तळाशी उमटविलेली कारखान्याची व महिन्याची खूण वाचतो. नकली मालाचा सुळसुळाट ह्या बाजारात फार असल्याने एकदम पेटी न घेता प्रथम एकेक नग घ्यावा, आणि खात्रीचा व्यापारी सापडला म्हणजेच हात सैल सोडावा, असा अनुभवी मंडळींचा उपदेश आहे.

ह्यापुढे खरी कसोटी राखण्याची. तंबाखूचे पान तोडल्यावर ते टांगून वाळवितात, मग ढीग रचून स्वतःच्याच उष्णतेने आंबवितात, आणि नंतर गाठोड्यांत मुरत ठेवितात. तयार झालेल्या चिरुटातही ही क्रिया मंदपणे चालूच राहते; तिखट उग्रपणा ओसरतो व वास सौम्य होतो. परंतु त्यास हवेत सुमारे ६५ ते ७० टक्के ओल आणि १८ ते २१ अंशांची थंडाई लागते. म्हणून महोगनीच्या कुळातील सुगंधी लाकडाची पेटी, ओल राखणाऱ्या पुड्या आणि ओलमापक यंत्र असा सरंजाम करावा लागतो. आता आपल्या नागपूरचे हवामान पाहा! मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन पोहोचतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की कुलरच्या वाळ्यासदेखील पाणी पुरत नाही. तोच श्रावण लागला की भिंतीस बुरशी चढते. उन्हाळ्यात चिरुटाचे पान तडकते, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, आणि उष्मा वाढला की तंबाखूतील भुंगेऱ्याची अंडी फुटून सबंध पेटीस भोके पडतात. भिवापुरी मिरची किंवा हळद वखारीत राखणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांस हा भुंगेरा परका नाही, तो हाच. सारांश, नागपुरात चिरूट मुरवावयाचा म्हणजे ऋतूंशी बारमाही झगडा मांडावयाचा, आणि तो झगडा विजेच्या व पैशाच्या जोरावर जिंकावयाचा.

इतके सर्व जो मनुष्य आस्थेने शिकतो त्यास आम्ही निर्बुद्ध म्हणणार नाही. पानाची जात, मातीचा गुण, कारागिराचा हात आणि काळाचा परिणाम ह्या चार गोष्टींची किंमत करावयास शिकणे ही काही सामान्य विद्या नव्हे. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची साल पाहून ते आंबिया बहाराचे की मृगाचे हे सांगणारा दलाल ज्या बुद्धीचे काम करितो, तीच बुद्धी येथेही खर्ची पडते. आमचा आक्षेप ह्या बुद्धीवर मुळीच नाही. ती धुरापाशी येऊन थांबते, हा आमचा आक्षेप आहे. ओढणाऱ्याच्या देहाचे काय होते हे ती पाहत नाही, आणि पान वळणाऱ्या हातांचे काय होते हेही पाहत नाही.

देहाचा विचार प्रथम करू. चिरूट ओढणारे नेहमी सांगतात की आम्ही धूर छातीत घेत नाही, तोंडात घोळवून सोडून देतो. सबब सिगारेटचा अपाय आम्हांस नाही. हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य पुष्कळदा असत्याहून घातक ठरते. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असल्याने त्यातील निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतूनच रक्तात शोषले जाते. ते छातीपर्यंत जाण्याची वाट पाहत नाही. एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या सबंध पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. पान आंबविण्याच्या ज्या क्रियेने त्यास गोडी येते, त्याच क्रियेत कर्करोगास कारण होणारी काही द्रव्ये वाढतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली ह्या विषयावर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका ह्यांचे कर्करोग चिरुटानेही होतात असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. वर्षानुवर्षे मुरविल्याने चिरुटाचा उग्रपणा जातो, विष जात नाही. उलट उग्रपणा गेल्याने माणूस ते अधिक निर्धास्तपणे घेतो.

ह्यावर कोणी म्हणेल की, "आपल्या पैशाने, आपल्या घरात, आपल्याच देहाचे नुकसान करून घेण्याची आम्हांस मोकळीक आहे, वर्तमानपत्राने त्यात का पडावे?" व्यक्तिस्वातंत्र्याचा हा मुद्दा आम्ही हलका मानीत नाही. प्रौढ माणसाच्या घरात शिरून त्याच्या तोंडातील चिरूट काढून घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु वरच्या थरातील शौक वरच राहत नाही, हा इतिहासाचा दाखला आहे. तंबाखूचा हिंदुस्थानातील प्रवेशच पाहा. पोर्तुगीजांनी ती दख्खनच्या किनाऱ्यास आणली. १६०४ च्या सुमारास अकबराचा सरदार असद बेग विजापूरहून परतताना रत्नजडित नळी व तंबाखू बादशहास नजर करावयास घेऊन गेला. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली, पण नवलाईपुढे वैद्याचे कोण ऐकतो? अमीर-उमरावांनी ती उचलली, व्यापाऱ्यांनी विकावयास आरंभ केला, आणि जहांगिराने १६१७ मध्ये बंदी घातली तोवर ती सर्वत्र फैलावली होती. दरबाराची मौज शेतकऱ्याच्या झोपडीत पोहोचण्यास पुरती दोन दशकेही लागली नाहीत.

आज तीच पायरी आमच्या डोळ्यांदेखत उतरली जात आहे. नागपूर व विदर्भाचे खरे व्यसन चिरूट नसून खर्रा होय, हे आम्ही जाणतो. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेली ती पुडी प्रत्येक पानठेल्यावर मिळते व शाळेच्या पोरांच्या खिशांतही सापडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू घेताना आढळले, आणि त्यांतील बहुतेक ती ओढणारे नसून चघळणारे होते. २०१२ साली राज्य सरकारने गुटखा बंद केला. खर्रा घोटणे थांबले नाही. त्या पानठेल्यावरील पोरास उद्या कोणी सांगावयास गेला की हे विष सोड, तर तो विचारील, "बड्या लोकांच्या पार्टीत साहेबमंडळी जे ओढतात ते काय आहे?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी काय उत्तर आहे? २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्क्याची दुकाने कायद्याने बंद केली, आणि ते योग्यच झाले. परंतु २००३ च्या केंद्रीय कायद्याने तीस खोल्यांच्या हॉटेलात अथवा तीस आसनांच्या उपाहारगृहात धूम्रपानाची वेगळी जागा ठेवण्याची मुभा दिली आहे, व तिचा आधार घेऊन चिरुटास गादी-तक्के मिळू शकतात. गरिबाच्या व्यसनास पोलीस आणि श्रीमंताच्या व्यसनास रसिकता, अशी दोन मापे ज्या समाजात चालतात तेथे सुधारणेचा शब्द कोणी मनावर घेत नाही.

आता दुसरा आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचा मुद्दा: हातांचा. चिरुटाचा शौकीन हवानाच्या कारागिराचे गोडवे गातो. सुरी, लाकडी पाट आणि दोन हात एवढ्या साधनांनी तो पान कसे निवडतो, वेष्टन कसे ताणतो, टोक कसे बंद करितो, हे तो मोठ्या कौतुकाने सांगतो. त्या कौतुकास तो कारागीर पात्र आहेच. पण नागपूरहून रेल्वेने दोन-अडीच तासांत गोंदियास जाता येते, भंडारा त्याहून जवळ, कामठी तर दारातच. तेथील घरांच्या ओट्यांवर मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई काय करीत असते? तीही पानच निवडते. टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूचे, पान भिजवून, कातरीने मापात कापून, चिमूटभर तंबाखू घालून, बोटांच्या एका वळशाने विडी वळते, दोऱ्याने बांधते व टोके मुडपते. चिरूट वळणाऱ्यास दिवसाकाठी शे-दीडशे नग पुरे होतात; ह्या बाईची मजुरी हजारी मोजली जाते. कसब तेच, कानाकोपऱ्यांपर्यंतची सफाई तीच. तरीही एकाच्या नावाने माहितीपुस्तके निघतात आणि दुसरीचे नाव मुकादमाच्या वहीपलीकडे कोठे जात नाही. आमच्या शौकीन मंडळींच्या पेटीतील एका चिरुटाच्या किमतीत तिची कित्येक दिवसांची मजुरी निघते.

आणि तिच्याही मागे जंगलात आणखी हात आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा ह्या जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात, पहाट फुटण्यापूर्वी, बायामाणसे वाघ-अस्वलांचे भय पोटात घेऊन तेंदूची पाने तोडावयास निघतात. दुपारी घरी बसून पुडे बांधितात आणि संध्याकाळी फडावर मोजून देतात. दर उन्हाळ्यात ह्या कामी कोणाचा तरी जीव गेल्याची वार्ता छापणे हे आमच्या धंद्यातील एक दुःखद नित्यकर्म होऊन बसले आहे. चिरुटाच्या पानाची मुळी कोणत्या मातीत आहे हे ज्यांस मुखोद्गत आहे, त्यांस हे पान कोणत्या रानातले व कोणाच्या हातचे ठाऊक आहे काय?

ह्या धंद्याचा इतिहास नागपूरशी निगडित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगणे अवश्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गुजराती व्यापाऱ्यांनी जबलपूरच्या बाजूने मध्यप्रांतात विडीचा व्यापार उभारला. रान जवळ, रेल्वे नवी, मजूर दुष्काळाने गांजलेला; धंदा झपाट्याने वाढला. पुढे स्वदेशीच्या व असहकाराच्या चळवळीत विलायती सिगारेटवर बहिष्कार पडला आणि विडीस देशभक्तीचा मान मिळाला. सुधारकांनीही तेव्हा विडी स्वदेशी आहे एवढेच पाहिले. ती वळणारा कोणत्या स्थितीत आहे हे फार थोड्यांनी पाहिले. त्या थोड्यांत कामठीचे बाबू हरदास ह्यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. ज्यांनी "जय भीम" हे अभिवादन रूढ केले तेच हे हरदास. विडी कामगारांचा, विशेषतः त्यांतील अस्पृश्य बांधवांचा, ठेकेदारांकडून होणारा छळ पाहून त्यांनी कामगारांची संघटना उभारली. १९३७ साली ते प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या मागणीचे सार एकच होते: वळलेल्या प्रत्येक विडीची मजुरी मिळावी. कारण मालकाचा माणूस विड्या तपासताना वाटेल तितक्या वाईट ठरवी. त्यांची मजुरी बुडे, विड्या मात्र मालकाकडेच राहत.

हरदासांच्या पश्चात ह्याच नागपुरातून राज्य करणाऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ साली विडीविषयी एक कायदा केला. तो मजुरीविषयी असेल असे कोणासही वाटेल. तसे नव्हते. शेतीच्या हंगामात मजूर कमी पडू नयेत म्हणून ठराविक गावांत विडी वळण्यास मनाई करण्याचा अधिकार त्याने सरकारास दिला. सागर जिल्ह्यातील अशा मनाईविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि नव्या राज्यघटनेच्या पहिल्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १९५० रोजी, न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरविली. शेतात राबू न शकणाऱ्या अशक्त, अपंग व वृद्ध माणसांचाही घास ह्या मनाईने काढून घेतला जातो, हे न्यायालयाने पाहिले. सरकारास जो केवळ शेतीचा एक हात दिसला, तो न्यायालयास नागरिक दिसला. ह्या निर्णयाचा नागपूरने अभिमान बाळगावा की लाज, हे वाचकांनीच ठरवावे.

पुढे १९६६ साली संसदेने विडी व चिरूट कामगारांचा कायदा केला. लक्षात घ्या, विडी आणि चिरूट ही दोन्ही नावे एकाच कायद्याच्या मथळ्यावर शेजारी शेजारी बसली. जो भेद आमचे रसिक करितात तो कायद्याने केला नाही. घरी बसून वळणारीसही त्याने कामगार मानले. १९७६ मध्ये विडीवर अल्पसा उपकर बसवून त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरे ह्यांसाठी निधी उभारला गेला. २०१७ मध्ये वस्तु-सेवा-कर आला तेव्हा तो उपकर गेला, व निधीस खास आपले असे उत्पन्न उरले नाही. २०२० च्या श्रमसंहितेत संसदेने १९६६ चा स्वतंत्र कायदाही विलीन करून टाकला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कर-परिषदेने चिरूट-सिगारेटवरील कर ४० टक्के, तर विडीवरील कर २८ वरून १८ टक्के करण्याचे ठरविले. विडी कामगारांच्या हितासाठी हे केले, असे त्याचे समर्थन झाले. आम्ही नम्रपणे विचारतो: कर कमी झाल्याने विडी स्वस्त होईल, गरीब माणूस ती अधिक ओढील, पण वळणारीची मजुरी त्यामुळे वाढते हे कोणत्या हिशेबाने? तिच्या हिताचा खरा मार्ग उपकराचा निधी होता. तो बंद करून करातील सवलत पुढे करणे म्हणजे विहीर बुजवून पाणपोई घालणे होय.

येथे हवानाकडे पुन्हा एकदा पाहण्याजोगे आहे, कारण तेथील एक गोष्ट चिरुटाच्या वासापेक्षा फार मोलाची आहे. १८६५ पासून तेथील चिरुटाच्या कारखान्यांत एक वाचक नेमण्याची प्रथा पडली. कामगार पाने वळीत बसत आणि उंच आसनावर बसलेला वाचक त्यांस वर्तमानपत्रे, इतिहास व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी. त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. काय वाचावयाचे तेही तेच ठरवीत. सत्ताधाऱ्यांस ह्याचे इतके भय वाटले की पुढच्याच वर्षी स्पॅनिश गव्हर्नराने त्यावर बंदी घातली. ती टिकली नाही. क्यूबाच्या स्वातंत्र्याचा पुढारी होझे मार्ती ह्यास सर्वांत खंबीर पाठिंबा मिळाला तो ह्या वाचन ऐकणाऱ्या चिरूट-कामगारांचा. आमच्याकडेही असा दाखला नाही असे नाही. केरळात कन्नूरच्या विडी कामगारांत वर्तमानपत्र वाचून दाखविण्याची चाल होती. १९६६ चा कायदा अमलात येऊ लागताच मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा त्याच कामगारांनी १९६९ साली दिनेश नावाची सहकारी संस्था काढली. आणि विडीचा खप घटू लागल्यावर ती संस्था खाद्यपदार्थ, छत्र्या इत्यादी दुसऱ्या धंद्यांकडे वळली. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी संघटनेच्या बळावर कुंभारी येथे गोदूताई परुळेकर ह्यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभारली. २००६ मध्ये ती पुरी झाली. मग गोंदिया-भंडाऱ्याने काय पाप केले आहे?

येथे एक रास्त शंका येते. "विडी-चिरूट सोडा असे तुम्ही म्हणता आणि विडी कामगारांच्या हिताचेही बोलता, लोकांनी खरोखरच विडी सोडली तर ह्या बायांनी खावे काय?" ही शंका टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. देशात सुमारे पन्नास लाख विडी कामगार नोंदलेले आहेत आणि त्यांत स्त्रियाच फार. त्यांचा धंदा एका दिवसात बुडावा असे आम्हांस वाटत नाही. पण तो हळूहळू आटत आहे हे उघड आहे. आटणाऱ्या धंद्यातील कामगारास शेवटच्या दिवसापर्यंत त्याच धंद्यात डांबून ठेवणे ही दया नव्हे. शिवाय जी बाई तंबाखूची धूळ रात्रंदिवस नाकातोंडात घेते, आणि जिची पोर शाळा सुटल्यावर दोरे बांधावयास बसते, तिला ह्यातून बाहेर पडण्याची वाट हवीच आहे. नाही ती वाट दाखविणारा. विडी ओढणाऱ्याने ती सोडावी आणि वळणारीस दुसरे काम मिळावे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व एकाच हिशेबात करावयाच्या आहेत.

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. सरकारने तंबाखूवरील वाढीव करातील ठराविक हिस्सा कायद्याने विडी कामगारांच्या निधीस बांधून द्यावा. केवळ अंदाजपत्रकातील मर्जीवर तो सोडू नये. भंडारा, गोंदिया व नागपूर ह्या जिल्ह्यांतील वळणाऱ्या स्त्रियांच्या बोटांत जी सफाई आहे तिचा उपयोग होईल असे दुसरे उद्योग, मग ते टसर रेशमाचे असोत वा खाद्यपदार्थांचे, सहकारी पायावर उभे करावेत. भंडाऱ्यास टसराची परंपरा आहेच. आमच्या व्यापारी वाचकांपैकी जे विडी-तंबाखूच्या व्यवहारात आहेत, त्यांनी भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी व ओळखपत्रे ह्यांत कुचराई करू नये. हिशेबाची वही स्वच्छ ठेवणे ही पेढीची अब्रू मानणारा व्यापारी मजुराच्या वहीत गोम ठेवील, तर त्याच्या अब्रूस काय अर्थ उरला? महापालिकेने व पोलिसांनी शाळांपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू न देण्याचा कायदा पानठेल्यांवर व मोठ्या दुकानांवर सारख्याच कडकपणे बजावावा.

आणि चिरुटाच्या शौकीनांस आमचे सांगणे थोडे व स्पष्ट आहे. घरी जे कराल ते करा. परंतु लग्नमुंजीत, बारशांत व व्यापारी मेळाव्यांत चिरूट वाटून त्यास शिष्टाचार बनवू नका. मुलांसमोर त्या पेटीचे कौतुक मांडू नका. तुम्ही पान, माती, हात व काळ पारखावयास शिकला आहात. ही पारख विदर्भातील कोशाच्या साडीस लावा, भिवापूरच्या मिरचीस लावा, रानातल्या मधास व मोहास लावा. तेथे ती कोणाच्या घशास अपाय न करता कारागिराच्या पदरात चार पैसे घालील. आणि एखाद्या रविवारी मोटार काढून गोंदियाच्या बाजूस जा. ओट्यावर बसलेल्या त्या बाईस दिवसाकाठी किती विड्या होतात, हजारी दर काय मिळतो आणि वाईट ठरवून किती काढून टाकतात, एवढे तीन प्रश्न विचारा. तुमच्या पेटीतील चिरूट कोणत्या महिन्यात वळला गेला हे तुम्ही जाणता; त्या बाईची मजुरी कोणत्या महिन्यापासून थकली आहे, हे तुम्हांस तेवढ्याच बारकाईने कळू लागेल तेव्हा आम्ही तुम्हांस रसिक म्हणू.